रंगाखालचा मासा

सुनेने पत्र्याची पट्टी आडवी धरून जोर लावला, तसा पांढऱ्या रंगाचा एक लांब पापुद्रा टेबलाच्या पायावरून सुटून फरशीवर पडला. त्याच्याखाली निळा रंग होता. आणि जिथे पट्टी जरा खोल गेली होती तिथे निळ्याखाली बोटभर हिरवं दिसत होतं.

मागच्या अंगणात स्टुलावर बसून मिस्त्री चहा पीत होते. ओठांपाशी गेलेला कप परत बशीत आला.

"बाबा, तीन थर!" सून म्हणाली. "कांद्यासारखं आहे हो हे. सोलत जावं, संपतच नाही."

"कांदा सोलला की डोळ्यांत पाणी येतं," मिस्त्री म्हणाले. "जपून."

ती हसली आणि पुन्हा कामाला लागली. मिस्त्रींची नजर मात्र त्या बोटभर हिरव्यावर चिकटून राहिली. तो हिरवा कुठल्याच डब्यात मिळत नसे. पिवळ्यात निळा थेंबथेंब घालून, काडीने ढवळून तो बनवावा लागे. तसा बनवणारा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता.

पन्नास वर्षं सुतारकाम केल्यावर माणसाचं नाव मागे पडतं आणि मिस्त्री तेवढं उरतं. अर्ध्या गावाची कपाटं, पलंग आणि पाट त्यांच्या कारखान्यातून गेलेले होते. आता कारखाना बंद झाला होता, सकाळी हात जरा थरथरायचे, आणि अवजारांची पेटी जिन्याखाली निवांत पडली होती. पण सुनेमुळे लाकडाचा वास घरातून गेला नव्हता. तिला जुन्या वस्तूंचा नाद होता. त्या घरात दुकानातून सरळ आलेली वस्तू शोधावी लागे. शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर हात धुवायचं भांडं बसलं होतं, आणि धुता धुता खालचा पायटा हलवायची सवय सगळ्यांनाच लागली होती. मोडक्या शिडीवर टॉवेल वाळत. दोन चामडी सुटकेस एकीवर एक रचून त्यांच्यावर फोन ठेवलेला होता. खिडकीच्या जुन्या चौकटीत आरसा होता, त्यामुळे नवखा माणूस बाहेर डोकवायला जाई आणि स्वतःलाच भेटे. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे बसायच्या आधी विचारावं लागतं बाई, ही खुर्ची आहे की कपाट."

मिस्त्रींना हे सगळं मनातून आवडायचं. भंगारवाल्याची हातगाडी दाराशी आली की ते सुनेच्या आधी बाहेर जात, वाकून प्रत्येक वस्तूचं पोट बघत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातच्या तीन वस्तू तशा परत आल्या होत्या. एक चौरंग, एक फळी, आणि एक पाळणा, ज्यात आता बटाटे-कांदे राहत. "माझाच आहे हा," असं म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

हे टेबल आलं तेव्हा मात्र ते आत झोपले होते. भंगारवाल्याच्या गळ्यात तीन चष्मे लोंबत असत, म्हणून सगळे त्याला चष्मेवाले म्हणत. त्याचा आवाज मिस्त्रींनी झोपेतच ऐकला होता.

"वहिनी, टेबल नाही हे, हत्ती आहे. चौघांनी उचललाय. पाळायचा असेल तर आधी माहूत ठेवा."

"माहूत आहे आमच्याकडे," सून म्हणाली होती. "आत झोपलाय."

झोपेतसुद्धा मिस्त्रींना हसू आलं होतं. आता त्यांनी कप खाली ठेवला.

सुनेचा बेत ठरलेला होता. फळकुटावर ठोकलेला पत्रा उचकटायचा, पाय वीतभर कापायचे, म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून कणीक मळायला, भाजी चिरायला बरोबर उंची येईल. खाली दोन आडव्या पट्ट्या आणि फळी टाकायची, म्हणजे मोठी भांडी राहतील.

"पट्ट्यांसाठी पायांना नव्या खाचा पाडाव्या लागतील ना?" तिने विचारलं. "त्याला कुणीतरी बघा तुमच्या ओळखीचं. ह्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. खिळा म्हटलं की शेजाऱ्याला हाक. 'मला हातच नाहीत' म्हणायचं की झाले मोकळे."

ते वाक्य मुलाचं नव्हतं. मुलाने ते फक्त सांभाळून ठेवलं होतं.

"पोरी," मिस्त्री म्हणाले, "पाय नको खरवडूस. वरचं फळकूट तेवढं साफ कर. पायांवर पुन्हा रंग मार. खाली ओल लागते, रंग बरा."

सून थांबली. कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला.

"बाबा, तुम्हीच म्हणता ना, रंग म्हणजे सुताराची चादर? खाली काय झोपवलंय ते बघितल्याशिवाय लाकूड घरात घेऊ नये?"

"म्हणतो खरा."

"मग?"

मिस्त्री पायाशी पडलेला पापुद्रा उचलून बघू लागले. तीच पुढे म्हणाली, "काचकागद संपलाय. मी घेऊन येते, आणि भाजीही आणते. तोवर हात नका लावू हं. तुमची कंबर."

ती गेली. फाटकाची कडी वाजली.

मिस्त्री उठले. टेबलाभोवती त्यांनी एक फेरी मारली, मग मागच्या डाव्या पायापाशी स्टूल ओढून बसले. पायाच्या बाहेरच्या अंगावर, जमिनीपासून दोन वितींवर, त्यांनी अंगठा फिरवला. तीन थरांच्या खालूनही अंगठ्याला एक चौकोनी कड लागली. केसाएवढी, पण लागली.

शिंप्याचं टेबल होतं हे. कापड बेतायचं. तीस वर्षं होऊन गेली होती.

मिस्त्री पेन्सिलने आखत नसत. पेन्सिलची रेघ जाड, तिच्यात माणूस हरवतो, असं त्यांचं म्हणणं. ते चाकूच्या टोकाने आखायचे. आणि जिथे पटाशीने खाच पाडायची त्या अंगावर दोन वाकड्या रेघांचा, शेपटीपाशी फुली पडणारा एक लहानसा मासा कोरायचे. कारखान्यातल्या प्रत्येकाला हा नियम पाठ होता: मासा जिकडे, पटाशी तिकडे. मासा नसेल त्या अंगाला हात लावायचा नाही.

मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. शाळा सुटली की दप्तर भुशात टाकून थेट पटाशी उचलायचा. त्याचा हात चांगला होता. मिस्त्रींनी ते त्याला कधी सांगितलं नव्हतं. चांगल्याला चांगलं म्हटलं की ते बिघडतं, असं त्या काळी वाटायचं. त्या दिवशी त्याच्यापुढे त्यांनी हाच पाय ठेवला होता. स्वतः दुसरीकडे रंधा मारत होते.

"बाबा, इथंच ना?" त्याने विचारलं होतं.

मिस्त्रींनी वळून पाहिलं नव्हतं. "मासा दिसतोय ना? मग विचारतोस काय?"

खाच पाडून झाली आणि नेमका तेव्हाच शिंपी आला. पायांची जोडणी करून दाखवायला गेले, तर तीन पायांच्या खाचा आतल्या बाजूला आणि चौथ्याची बाहेर, रस्त्याकडे तोंड करून. शिंपी हसला. दोन्ही कामगार हसले. मिस्त्रींनी पाय हातात घेतला आणि त्यांना एका क्षणात मासा दिसला. तो चुकीच्या अंगावर होता. पाय उलटा धरून त्यांनीच कोरलेला.

एक क्षण होता. तेवढ्यात बोलता आलं असतं.

"याला हातच नाहीत," ते म्हणाले होते. "चूक माझीच, याच्या हातात लाकूड दिलं ती."

मुलाने पायाकडे पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. पटाशी खाली ठेवताना तिची धार लाकडावर आपटू नये म्हणून त्याने ती अलगद ठेवली होती. मिस्त्रींना नंतर राहून राहून आठवायचं ते हेच.

तेवढं लाकूड पुन्हा मिळणार नव्हतं आणि शिंप्याचं दुकान उघडायला चारच दिवस उरले होते. मिस्त्रींनी खाचेत सरस घालून लाकडाचं ठिगळ ठोकलं, आतल्या अंगाला नवी खाच पाडली. शिंप्याला पॉलिश हवं होतं. "कापडाला डाग लागेल, रंगच बरा," असं त्याला पटवून संध्याकाळच्या आत हिरवा रंग मारला. रंध्याचे दोन हात मारले असते तर मासाही गेला असता. पण सगळे उभे होते, आणि मासा घासताना दिसणं म्हणजे कबूल करणंच झालं. रंगाखाली गेला म्हणजे गेला, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगा कारखान्यात आला नाही. मग कधीच आला नाही. आईने विचारलं तर म्हणाला, "मला अभ्यास असतो." पुढे तो औषधांच्या दुकानात लागला आणि तिथे त्याचं नाव झालं. कुठलीही चिठ्ठी तो दोनदा वाचायचा, आणि तरी गोळ्या हातात ठेवताना गिऱ्हाइकाला विचारायचा, "हीच ना?"

मिस्त्रींनी जिन्याखालून पेटी ओढली. तिच्यात कापडात गुंडाळलेला काचेचा तुकडा होता. लाकूड तासायला त्याच्यासारखं अवजार नाही. तुकडा तिरपा धरून ते खरवडू लागले. पांढरा गेला, निळा गेला. हिरवा जायला कचरत होता, पण गेला. ठिगळाची कड उघडी पडली, आणि तिच्या वर चार बोटांच्या अंतरावर, काळपट रंग रेघांत भरून राहिलेला, मासा.

काल कोरल्यासारखा होता.

त्यांचा हात थांबला. काच अजून लाकडाला टेकलेली होती. आठ-दहा वेळा ओढली की काम झालं. सून येईल तेव्हा फक्त एक ठिगळ दिसेल, आणि जुन्या टेबलाला ठिगळ असायचंच. सून ते कौतुकाने चार जणांना दाखवेल. झाकली मूठ.

त्यांनी काच एकदा ओढली. माशाच्या शेपटीचं टोक जरा फिकं झालं.

आत फोन वाजला.

उठायला वेळ लागला. सुटकेसपाशी पोचेपर्यंत फोन वाजतच राहिला. करणाऱ्याला माहीत होतं की म्हाताऱ्याला वेळ लागतो.

"बाबा, दुपारची गोळी घेतली?"

"घेतोय."

"गुलाबी. पांढरी नाही, पांढरी रात्रीची."

"कळतं मला."

"कळतं हो. पण एकदा पाकीट बघितलेलं बरं."

मिस्त्रींनी खिशातलं पाकीट काढलं, खिडकीच्या चौकटीतल्या आरशासमोर उजेडात धरलं.

"गुलाबी आहे," ते म्हणाले.

"मग ठीक." पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं, मुलाचा आवाज दूर गेला. "हीच ना, काकू? एकदा नाव वाचा बघू."

फोन बंद झाला. मिस्त्रींनी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि पेला हातात धरून बराच वेळ उभे राहिले. आरशात एक म्हातारा दिसत होता, त्याच्या भुवयांवर हिरव्या रंगाची पूड बसली होती.

सून परतली तेव्हा मागचा डावा पाय वरपासून खालपर्यंत स्वच्छ झाला होता. लाकडाच्या रेषा पाण्यासारख्या खाली उतरत होत्या. मिस्त्री ओल्या फडक्याने बारीक धूळ टिपत होते.

"हात लावू नका म्हटलं होतं ना!" ती ओरडली, आणि मग पिशवी खाली ठेवून वाकली. "अगंबाई, किती सुरेख! आणि हे काय कोरलंय? मासा?"

"मासा."

"तुमचा?"

"माझा."

"म्हणजे हेही तुमचंच! आणि सकाळपासून गप्प बसलात?" ती टाळी वाजवायच्या बेतात होती, पण सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचे हात मध्येच राहिले. "बाबा, कंबर दुखतेय का?"

"तो आला की त्याला दाखव," मिस्त्री म्हणाले. "आधी काही सांगू नकोस."

मुलगा सहाच्या सुमारास आला. शिडीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसत तो अंगणात आला, टेबल बघून नेहमीसारखं म्हणाला, "झालं, आता आपल्यालाच बाहेर झोपायला लागणार." मग त्याची नजर पायावर गेली.

तो उकिडवा बसला. टॉवेल खांद्यावरून घसरला, तो त्याने उचलला नाही. अंगठा माशावर ठेवला. मग नख रेघेवरून खाली आलं, ठिगळाच्या कडेने चारही बाजू फिरलं.

"शिंप्याचं टेबल," तो म्हणाला.

"तेच."

"कोण शिंपी?" सुनेने विचारलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि म्हणाली, "मी चहा टाकते."

ती आत गेली. मुलगा तसाच बसून होता.

"खाच बाहेरच्या अंगाला आहे," तो म्हणाला.

"हो."

"आणि मासाही बाहेरच्या अंगाला."

"हो. पाय मी उलटा धरला होता. आखणी माझी चुकली." मिस्त्रींनी वाकून ठिगळावर बोट ठेवलं. "तू बरोबर कापलंस. रेघेला धरून कापलंस. बघ, तेरा वर्षांच्या पोराने पाडलेली खाच आहे, ठिगळाच्या कडेने कागदसुद्धा आत जात नाही."

मुलगा हसला नाही, चिडलाही नाही. लांबून आलेल्या पत्रावरचा पत्ता वाचावा तसा तो मासा बघत राहिला.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "मासा मीच मनाने बघितला असेल."

मिस्त्रींनी फरशीवरचे पापुद्रे पायाने एका जागी लोटले.

"तू विचारलं होतंस," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"कापायच्या आधी. 'इथंच ना' म्हणून. मी वळलो नाही."

मुलाने आठवून पाहिलं. "ते नाही आठवत मला."

"मला आठवतं."

आतून कपांचा आवाज येत होता, पण चहा येत नव्हता. सून मुद्दाम वेळ लावत असावी.

"तीस वर्षं मी एक खिळा ठोकला नाही, बाबा."

"माहीत आहे."

"भिंतींचं नुकसान वाचलं म्हणायचं," मुलगा म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. मिस्त्रींना शिलाई मशीनच्या पायट्याची कुरकुर ऐकू आली. नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ ती चालू होती.

रात्री जेवताना मुलाने बापाच्या ताटाशेजारी गोळी ठेवली. पांढरी. आणि पहिल्यांदाच काही न विचारता ठेवली. त्याचा अर्थ मिस्त्रींना लागेना, आणि त्या रात्री त्यांना झोप उशिरा लागली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मिस्त्री अंगणात आले तेव्हा मुलगा आधीच तिथे होता. टेबल त्याने आडवं पाडून ठेवलं होतं, पाय वीतभर कापलेले होते. करवतीचा कट थोडा तिरका गेला होता. मिस्त्रींनी तो पाहिला आणि त्याबद्दल काही बोलले नाहीत.

सून एक पाय धरून बसली होती. "सकाळी सहापासून चाललंय," ती म्हणाली. "मी म्हटलं, कुणीतरी बोलावू, तर म्हणे नको. ताप आलाय का बघा जरा."

मिस्त्रींनी पेटी उघडली. पटाशी काढली, दगडावर पाणी टाकून तिला धार लावली, अंगठ्याच्या नखावर लावून पाहिली. मग काटकोन बघायचा गुण्या आणि आखायचा चाकू काढून मुलापुढे धरला.

"तुम्ही आखा," मुलगा म्हणाला. "मी धरतो."

"माझे डोळे आता रेघ सोडतात. तू आख. मी कापतो."

"आणि चुकलं तर?"

"तर ठिगळ मारू. मला येतं मारता."

मुलाने चाकू घेतला. आधी तो चुकीच्या हातात धरला, मग बदलला. गुण्या लाकडाला टेकवून त्याने पहिली रेघ ओढली, ती इतकी हलकी होती की दिसेना. दुसऱ्यांदा त्याने दाबून ओढली. चौकोन पुरा झाला. मग जरा थांबून त्याने वर मासा कोरला.

सून वाकून बघत होती. "मासा कसला," ती म्हणाली, "बेडूक झालाय."

"चालेल," मिस्त्री म्हणाले. "पोहतो ना?"

ते स्टुलावरून खाली उतरून बसले. पटाशीची धार रेघेवर ठेवली. सकाळची थरथर होती. डाव्या हाताने उजवं मनगट धरल्यावर ती कमी झाली. लाकडी हातोडा उचलला. आणि मग तो तसाच हवेत धरून ते मुलाकडे वळले.

"इथंच ना?"

मुलगा उठला, टेबलाच्या पलीकडे गेला, वाकून चारही पाय एकेक करून पाहिले. परत आला, गुडघे टेकून बसला, आणि बापाच्या हाताला हात लावून पटाशी थोडीशी वर उचलली.

"थांबा," तो म्हणाला. "एकदा नीट बघू द्या."

मिस्त्री थांबले.